पावसाळ्यात कपडे वाळवायला कोणता ड्रायर?

प्रश्न : आम्ही चौघे, नालासोपारा पूर्वेला तळमजल्यावर राहतो. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, कुबट वास येतो. आयएफबी, बॉश की एलजी?

उत्तर : कंपनी नंतर ठरवा, आधी प्रकार ठरवा. व्हेंटेड ड्रायर स्वस्त असतो, पण दमट गरम हवा पाइपने खिडकीबाहेर सोडावी लागते. तसं केलं नाही तर तोच ओलावा भिंतींवर बुरशी आणतो. कंडेन्सर ड्रायर पाणी टाकीत साठवतो, मात्र खोली तापवतो. हीट पंप महाग आणि जरा संथ, पण वीज साधारण निम्मीच खातो. बंद बाल्कनीच्या फ्लॅटसाठी मी हीट पंपच सुचवीन. कपडे कमी असतील आणि खिडकी हाताशी असेल, तर छोटा व्हेंटेड पुरे.

आता कंपनी. तिन्हींच्या ग्राहक सेवेला फोन करून तुमचा पिनकोड सांगा आणि तंत्रज्ञ वसई-विरारमधूनच येतो का, ते विचारा. माझ्या लेखी नावापेक्षा हे महत्त्वाचं.

तुमचा तळमजला आहे, म्हणून एक आग्रह. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये घराघरांत पाणी शिरलं होतं. यंत्र भक्कम, उंच ओट्यावर ठेवा, प्लगही वरच घ्या. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

वॉशिंग मशीनचा स्पिन १००० ते १२०० वर ठेवा, वाळवण्याचा वेळ बराच वाचतो. लिंट फिल्टर दर खेपेला साफ करा, साचलेले धागे पेट घेऊ शकतात.