डीव्हीडीत मावत नाही, तेव्हा

मी नाशकात लग्नकार्याच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. पेनड्राइव्ह आले तरी "आजीआजोबांसाठी एक डीव्हीडी मारून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक अजून येतं. घरीच खटपट करून 'डिस्कवर पुरेशी जागा नाही' या संदेशाला वैतागलेलेही येतात. फोल्डर ४.५ जीबीचं, डीव्हीडी ४.७ ची, तरी मावत नाही. मग डिस्कच खराब समजून दुसऱ्या कंपनीची आणतात, आणि तिथेही तेच.

डिस्क ठीक असते, मोजमाप वेगळं असतं. वेष्टनावरचे ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. त्यामुळे संगणकावर तीच जागा ४.३७ जीबी दिसते. ८.५ ची ड्युअल लेअर ७.९६ च्या आसपास भरते, २५ ची ब्लू-रे २३.३ च्या. मी साध्या डीव्हीडीवर ४.३ च्या पुढे जातच नाही.

जागा कमी पडली की लोक फाइली उडवत बसतात. त्याआधी एवढंच विचारा: ही डिस्क कोण, कशावर लावणार?

टीव्हीच्या प्लेअरवर लागणार असेल, तर जीबी विसरा, मिनिटं मोजा. २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावरच्या शाहीस्नानाचं फुल एचडी शूटिंग डीव्हीडीवर हवं असायचं. २४ एमबीपीएसने घेतलेलं असं शूटिंग जसंच्या तसं टाकलं तर डीव्हीडी २६ मिनिटांत भरते. पण साध्या प्लेअरला ती फाइल चालतच नाही. त्याला ७२० बाय ५७६ चा एमपेग-२ व्हिडिओ लागतो. तासाभराच्या कार्यक्रमाला ८ एमबीपीएस ठेवा, दोन तासांना आवाजासकट ५ च्या आत. तीन तास एकाच डिस्कवर कोंबले तर वाट्याला जेमतेम साडेतीन येतात. नवरानवरी स्थिर उभे असतात तोवर चित्र बरं दिसतं. अक्षता उडाल्या की पडद्यावर चौकोन चौकोन होतात. त्यापेक्षा दोन डिस्क करा. पहिलीत हळद आणि सीमांतपूजन, दुसरी अंतरपाटापासून. मंगलाष्टकांच्या मधे मात्र तोडू नका.

फाइली नुसत्या जपून ठेवायच्या असतील, तर दर्जा कमी करू नका. फोल्डरवार वाटून दोनतीन डिस्क करा. एकच मोठी झिप फाइल करून तिचे तुकडे वेगवेगळ्या डिस्कवर टाकू नका. एक डिस्क गेली की बाकीच्या असून नसल्यासारख्या. एकच फाइल ४ जीबीहून मोठी असेल तर राईट करताना यूडीएफ हा प्रकार निवडा.

सीसीटीव्हीचं फुटेज कोर्टात द्यायचं असेल, तर ते लहान करण्याच्या फंदात पडूच नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते. फाइल नव्याने कॉम्प्रेस केली की ही व्हॅल्यू बदलते. मोठी डिस्क किंवा पेनड्राइव्ह चालेल का, हे वकिलांना आधीच विचारा.

आणखी काही गोष्टी. संदेश नीट वाचा: कधी डिस्कवर भरपूर जागा असते, सी ड्राइव्हवर नसते. राईट करण्याआधी सॉफ्टवेअर तात्पुरती प्रत तिथे बनवतं. विंडोजने विचारलं तर 'सीडी/डीव्हीडी प्लेअरसह' हा पर्याय घ्या. पेनड्राइव्हसारखी केलेली डिस्क बहुतेक प्लेअर वाचत नाहीत. ओव्हरबर्न करून थोडं जास्त बसवण्याचा मोह टाळा.

डिस्क तयार झाली की सुरुवात नाही, शेवट लावून बघा. लेखन आतून बाहेरच्या कडेकडे जातं आणि गडबड बहुधा कडेलाच होते. पाठवणी न अडखळता चालली, की मगच संगणकावरच्या मूळ फाइलींना हात लावा.