दोष भिंगात होता, हातात नव्हता

‘ट्रायपॉड वापरा, हात हलतोय तुमचा.’ जुने कॅमेरे विकणाऱ्या त्या दुकानदाराने मला हे फोनवर सांगितलं, समोरासमोर सांगितलं आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात चारचौघांदेखतही सांगितलं. नेगेटिव्ह मात्र त्याने एकदाही उजेडाला धरून पाहिल्या नाहीत. ते फोटो ट्रायपॉडवरच काढलेले होते.

कॅमेरा जपानी, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालचं भिंग फिल्मवर चित्र पाडणार. 1929 सालच्या रोलायफ्लेक्सने रूढ केलेली ही रचना. नॉब फिरवला की दोन्ही भिंगं एकदमच पुढं-मागं सरकतात, म्हणून ती एकमेकांशी तंतोतंत जुळलेली असावी लागतात. जुळलेली नसतील तर वरच्या काचेवर डोंगर धारदार दिसतो आणि फिल्मवर मऊ उतरतो. रोल धुऊन येईपर्यंत याचा पत्ता लागत नाही.

फोटो नाणेघाटाच्या पठारावरचे. समोर जीवधन गड, त्याला लागून वानरलिंगीचा सुळका, पुढ्यात सोनकी फुललेली. उजेड कोवळा आणि वारा भन्नाट. फुलं हलून पुसट होऊ नयेत म्हणून शटर वेगात ठेवलं आणि अपर्चर पूर्ण उघडं, एफ 3.5. फोकस अनंताच्या खुणेवर. रोल धुऊन आला तर जीवधनाचा कडा पार विरघळलेला. ट्रेकचे सोबती म्हणाले, धुकं असेल. दुकानदार आधी म्हणाला हात. मग म्हणाला, रोलर्सवर फिल्म वळली असेल. आणि शेवटी म्हणाला, ‘जुन्या लेन्सचा लुकच असा असतो, लोक त्यासाठीच घेतात.’ या तिसऱ्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बिघाडाला सौंदर्य म्हणून गळ्यात मारणं ही फसवणूकच आहे.

इतके दिवस मी लूप लावून फक्त डोंगर तपासत होतो. एका रात्री नजर सहज खाली सोनकीवर गेली आणि मी थबकलो. साधारण बारा मीटरवरच्या एका पट्ट्यातली पाकळी न् पाकळी मोजता येत होती. त्याच्या अलीकडची फुलं पुसट, पलीकडचं सगळं पुसट. पुढची फ्रेम घेतली, तिथंही तोच पट्टा. हात हलला तर अख्खी फ्रेम हलते. तो बारा मीटरवरची फुलं तेवढी वगळून हलत नाही. धुक्याने कडा फिका पडतो, पण आभाळाला भिडणारी त्याची रेघ अशी पसरत नाही. म्हणजे नॉब अनंतावर आणि खालचं भिंग बारा मीटरवर! इतके दिवस ऐकून घेतलेला प्रत्येक शब्द त्या रात्री खोटा ठरला.

पुण्यातल्या एका जुन्या कारागिराने कॅमेरा उघडला. बुरशी साफ करायला कुणीतरी भिंग काढलं होतं आणि परत बसवताना खाली दुसऱ्याच कॅमेऱ्याची जाड चकती घातली होती. रिंगेच्या खाचांवर हत्याराचे ताजे ओरखडे होते. विकताना ‘कधी उघडलेलाच नाही’ असं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. फरक केवढा? 80 मिलिमीटरचं भिंग बारा मीटरवरून अनंतावर न्यायला ते फक्त अर्धा मिलिमीटर मागं सरकावं लागतं. तेवढ्याने अख्खा गड गेला.

आणि दुकानदाराने दाखवलेले नमुन्याचे प्रिंट सुरेख का होते, तेही तेव्हाच उमगलं. सगळे भर दुपारचे. एफ 16 वर फोकसची खोली इतकी वाढते की एवढी चूकही झाकली जाते. तेव्हा दुपारच्या उन्हातले नमुने पाहून कॅमेरा पसंत करू नका. पूर्ण उघड्या अपर्चरवरचा लांबचा फोटो मागा.

त्याहून पक्की परीक्षा दुकानाच्या दारात होते. फिल्म नसलेल्या कॅमेऱ्याची पाठ उघडा. फिल्म जिथं टेकते त्या आतल्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा ठेवा, खरबरीत बाजू भिंगाकडे. काच नसेल तर ट्रेसिंग पेपर चालतो, पण तो ताणून धरा. मध्ये झोळ पडला तर निकाल चुकतो. शटर ‘बी’वर ठेवून केबल रिलीजने उघडं अडकवा, अपर्चर पूर्ण उघडा, नॉब अनंतावर. आता किलोमीटरभर लांबच्या टॉवरकडे किंवा पाण्याच्या टाकीकडे कॅमेरा रोखा आणि काचेवरचं उलटं चित्र लूपने बघा. वरच्या काचेत धारदार आणि इथं मऊ असेल तर पैसे खिशातच ठेवा. नॉब थोडा इकडे-तिकडे करून जवळच्या वस्तूवरही दोन्ही चित्रं जुळतात का पाहा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

एसएलआरलाही हीच परीक्षा लागू. तिथं आरशाखालचा टेकू सरकलेला असतो किंवा फोकसची काच कुणीतरी उलटी बसवलेली असते. रेंजफाइंडरमध्ये लांबच्या टॉवरची दोन चित्रं अनंतावर एकावर एक बसली पाहिजेत, पण तेवढ्यावर विसंबू नका, मागची काच तिथंही लावा. नव्याने घेतलेल्या कॅमेऱ्याचा पहिला रोल गच्चीवरून काढा, गडावर नेऊ नका.

खरेदीच्या पावतीवर ‘अनंताला फोकस तपासून दिला’ एवढं लिहून घ्या, खाली सही मागा. मी दुरुस्तीची पावती आणि ती जाड चकती घेऊन दुकानदाराकडे परत गेलो. त्याने चकती हातात घेतली नाही, दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत, आणि कॅमेरा माझ्याकडूनच कुठंतरी उघडला गेला असेल, असं म्हणाला. सही असती तर हे म्हणायची त्याची हिंमत झाली नसती.