दिवसांचा हिशेब चुकवू नका

“शेवटची पाळी कधी आली होती?” गर्भवती स्त्रीला दवाखान्यात हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच विचारतात. “पोळ्याच्या आसपास”, “वेचणी सुरू झाली तेव्हा”, अशी उत्तरे येतात. पेडगावसारख्या शेतीवाडीच्या गावात हे साहजिक आहे. परंतु गर्भारपणातील तीन धोके वेळीच ओळखायला ही एक तारीख फार उपयोगी पडते.

नळीतील गर्भ : शंभरात एखाद-दुसऱ्या स्त्रीचा गर्भ पिशवीत न रुजता गर्भनलिकेत रुजतो. पाळी चुकल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत ओटीपोटात, बहुधा एका बाजूला, दुखू लागते व थोडे रक्त जाते. नळी फुटली तर रक्त पोटातच साचते, बाहेर फारसे दिसत नाही. घेरी येते, खांदा दुखतो, अंग गार पडते. घरी केलेली लघवीची तपासणी दिवस गेल्याचे सांगते. गर्भ कोठे आहे, हे सोनोग्राफीने कळते. म्हणून वात समजून पोट शेकत बसू नये. तत्काळ १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.

द्राक्षगर्भ : हा त्याहून विरळा. वार नीट न वाढता द्राक्षाच्या घडासारखे फुगे तयार होतात. ओकाऱ्या अतोनात होतात, रक्तस्राव होतो आणि पोट अनेकदा दिवसांच्या मानाने मोठे दिसते. पिशवी साफ केल्यावरही काही महिने रक्ततपासणी करावी लागते, कारण क्वचित त्यातून कर्करोग होतो. डॉक्टर सांगतील तोवर पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत.

अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण : ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी कळा येणे, पाणी जाणे किंवा रक्त दिसणे म्हणजे धोक्याची सूचना. वेळेत रुग्णालयात पोहोचल्यास बाळाच्या फुप्फुसांना बळ देणारे इंजेक्शन आईला देता येते. ते द्यायचे की नाही, हे किती आठवडे भरले यावर ठरते. ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ हा समज खोटा आहे. पोटात जितके अधिक दिवस, तितके बाळ बळकट.

असे बाळ चटकन गार पडते. त्याला लगेच आंघोळ घालू नये. आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालावे व आईचेच दूध द्यावे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तेथील नवजात बालकांचे मृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून अधिक घटले. आज आशाताई घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

तेव्हा भगिनींनो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवसाभोवती पेनाने गोल करा. सासूबाईंनी व घरधन्यानेही ती तारीख लक्षात ठेवावी.