पैसे देण्याआधी नाव विचार

बाळा, तुमच्या पिढीने ‘अ‍ॅडव्हान्स’ हा एकच शब्द सगळीकडे लावला. जमिनीला अ‍ॅडव्हान्स, खोलीला अ‍ॅडव्हान्स, ऊसतोडीला अ‍ॅडव्हान्स, जत्रेच्या तमाशालाही अ‍ॅडव्हान्सच. आपल्या अकलूजच्या बाजारात यातल्या प्रत्येक पैशाला वेगळं नाव आहे, आणि पैसा परत येणार, वळता होणार की बुडणार हे त्या नावावर ठरतं. म्हणून नोट हातातून सोडण्याआधी समोरच्याला विचारायचं, ‘हे पैसे कशापोटी?’ आणि तो जे सांगेल ते तिथल्या तिथे लिहून घ्यायचं.

जमिनीला देतात तो इसार. कोणी विसार म्हणतं. इसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण. तू मागे सरलास तर तो बहुधा गेलाच समज, म्हणून इसाराची रक्कम लहान ठेव. विकणाऱ्याने आणखी मागितले तर ते ‘किमतीपोटी भरणा’ म्हणून वेगळे लिही. दोन्ही एकाच आकड्यात घातलेस, तर उद्या भांडण लागल्यावर किती जप्त आणि किती परत हे वकिलाला ठरवत बसावं लागेल. इसार जप्त होऊ शकतो, नुसता किमतीचा हप्ता तसा जप्त होत नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयानेही मानला आहे.

इसारपावतीने जमीन आपली होत नाही, हेही मनात पक्कं धर. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे मालकी येते ती नोंदणी केलेल्या खरेदीखतानेच. मधल्या काळासाठी साठेखत कर आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदव. पावतीवर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, ठरलेली पूर्ण किंमत आणि खरेदीखताची तारीख हवीच. तारीख का? तर समोरच्याने खरेदी दिली नाही, तर दाव्याची 3 वर्षांची मुदत त्या तारखेपासून मोजतात.

त्याआधी ताजा सातबारा काढ आणि ‘इतर हक्क’ नीट वाच. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा तिथे दिसतो. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय पुढे जाऊ नकोस. नुसता आजचा उतारा पुरत नाही, जुने फेरफारही बघ. वारसांत बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या घे. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ असं भाऊ सांगतो, पण हक्क बहिणींचा आहे. त्यांना डावलून घेतलेल्या जमिनीत सुखाने नांगर चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि रोख देऊ नकोस. जमिनीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला 2015 पासून आयकर कायद्याने मनाई केली आहे. दोघेही निव्वळ शेतकरी असतील तर सूट मिळते, पण तू नोकरदार आहेस. बँकेतून दिलेला पैसा स्वतःच साक्षीदार होतो.

पुण्यात फ्लॅट बघशील तेव्हा इसार नसतो, तिथे बुकिंग म्हणतात. रेरा कायद्यात नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भाड्याच्या खोलीला देतोस ती अनामत. ती परत यायचीच असते, म्हणून आत शिरतानाच भिंती-नळांचे फोटो काढून ठेव. तमाशाच्या फडाला देतात ती सुपारी. पाऊस आला तर तिचं काय होणार, हे जत्रा कमिटीने आधीच लिहून घ्यावं.

आता उचल. हा शब्द आपल्याकडे दोन ठिकाणी चालतो आणि दोन्हीकडचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत.

कारखाना देतो ती ‘पहिली उचल’ ऐकायला कर्जासारखी वाटते, पण ती आपल्या उसाची किंमत आहे. कोणी उपकार करत नाही. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. मात्र वेगळा लेखी करार असेल तर हे बदलतं. म्हणून ऊस नोंदवताना ज्या कागदावर सही करतोस तो वाच. एफआरपीचे, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दराचे, तुकडे करून द्यायचा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये काढला होता. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. शेतकरी भांडले म्हणून हे झालं. प्रत्येक खेपेची वजनपावती जपून ठेव, बिलाशी ताळा कर आणि सोसायटीची वसुली किती कापली ते बघ. पैसे थकले तर अर्ज पुण्याच्या साखर आयुक्तांकडे लेखी करायचा. आपल्या शेजारी माळीनगरला 1932 साली शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढला. त्या भागातल्या माणसाने आपल्या बिलाला उपकार समजू नये.

दुसरी उचल मुकादमाची, आणि ती खरंच कर्ज असते. तुझा मामेभाऊ वाहतुकीचा ट्रॅक्टर घ्यायचं म्हणतोय, त्यालाही हे वाचून दाखव. मुकादमाला, म्हणजे ऊसतोडीची टोळी आणणाऱ्याला, लाखांनी उचल द्यायची आणि हंगामाला टोळीच यायची नाही, याने आपल्याकडची चांगली घरं बसली आहेत. एकट्या मुकादमाच्या सहीवर पैसे देऊ नये. टोळीत किती कोयते म्हणजे जोडपी, प्रत्येक जोडप्याचं नाव, गाव आणि त्याला मिळालेली रक्कम कागदावर घ्यावी. शक्य झालं तर ज्याच्या त्याच्या खात्यात टाकावी. गावात जाऊन ती माणसं डोळ्यांनी बघून यावं.

पण दुसरी बाजूही त्याला सांग. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईला पुष्कळदा माहीतच नसतं की तिच्या नावावर किती उचल लिहिली आहे. तिलाही एक वही द्यावी आणि दर आठवड्याला किती टन तोडले, किती फिटले ते तीत लिहावं. हंगाम संपल्यावर बाकी राहिली म्हणून माणसाला, त्याच्या बैलाला किंवा लेकराला अडवून ठेवायचं नाही. बाकी वसूल करायला दिवाणी कोर्ट आहे. माणूस अडवणं हा 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपल्या घरात ते चाललं नसतं.