मासळीची पेटी : खाणाऱ्याचे पोट, भरणाऱ्याचे हात

उजनी धरणात पाणी साठले आणि भिगवणला मासळीचा मोठा बाजार उभा राहिला. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मरळ, वाम असे गोड्या पाण्यातील मासे येथे लिलावाने विकले जातात व पेट्यांत भरून परगावी जातात. मासा ताजा राहणार की नासणार, हे पुष्कळदा या पेटीतच ठरते. तसेच पेटी भरणाऱ्याच्या हातांनाही त्यात धोका असतो. आज या दोन्हींचा विचार करू.

मासा का नासतो?

माशाच्या कातडीवर, कल्ल्यांत व आतड्यांत जंतू असतातच. मासा मेला की त्यांना अटकाव राहत नाही. शून्य अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळत्या बर्फात, मासा ज्या गतीने नासतो, त्याच्या सुमारे चौपट गतीने तो १० अंशांवर आणि सुमारे नऊपट गतीने २० अंशांवर नासतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा ४० च्या घरात जातो. अशा वेळी तासाभराची हयगयही महागात पडते. नासलेला मासा खाल्ल्याने उलट्या, जुलाब होऊ शकतात. लहान मुले व वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक होतो.

पेटी कशी भरावी?

१. मासे स्वच्छ पाण्याने धुवावेत. पोट साफ केले असल्यास आतील रक्तही धुवून काढावे.

२. तळाशी बारीक बर्फाचा थर, त्यावर मासे, पुन्हा बर्फ, असे थर द्यावेत. सर्वांत वरचा थर जाड असावा. बर्फाचे मोठे अणकुचीदार तुकडे माशाला जखम करतात व अंगाला नीट लागतही नाहीत.

३. उन्हाळ्यात १ किलो मासळीला १ किलो बर्फ हे प्रमाण ठेवावे.

४. वितळलेले पाणी निघून जाण्यास तळाशी वाट हवी. या पाण्याबरोबर रक्त, बुळबुळीत स्राव व जंतू वाहून जातात. साचले तर खालचे मासे त्यातच भिजत राहतात.

५. पेटी काठोकाठ भरू नये. वरच्या पेटीचा भार खालच्या पेटीवर पडावा, माशांवर नव्हे.

६. खताची वा औषधांची जुनी पोती मासळी झाकण्यास कधीही वापरू नयेत. फुटक्या थर्माकोलच्या भेगांत घाण राहते, ती पेटी टाकून द्यावी.

माशाला लागणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावा. खाण्यास अयोग्य बर्फ ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ साली त्याला निळा रंग देणे सक्तीचे करण्यात आले. पेटीतला उरलेला बर्फ, पांढरा असला तरी, सरबतात किंवा रसात मुळीच घालू नये.

हात आणि कंबर सांभाळा

चिलापीच्या पाठीवरचे काटे टोकदार असतात. काटा टोचला की जखम छोटी दिसते, पण जंतू खोल जातात. दोन ते सात दिवसांत बोट जांभळट-लाल होऊन सुजते, ठणकते व आग होते. हा मासळी हाताळणाऱ्यांचा ओळखीचा रोग असून पेनिसिलिनने बरा होतो. घरगुती लेप लावून दिवस काढू नयेत. इस्रायलमध्ये १९९६ साली चिलापी हाताळताना झालेल्या जखमांतून गंभीर जंतुसंसर्ग पसरला होता. मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांनी विशेष जपावे.

काम करताना जाड रबरी हातमोजे घालावेत. काटा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने चांगली धुवावी. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. सूज वर चढू लागली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वजनाचाही हिशेब ठेवा. २० किलो मासळीत २० किलो बर्फ घातला की पेटी ४० किलोंची होते. ओल्या फरशीवर ती एकट्याने उचलणे म्हणजे कंबरेला दुखण्याचे आमंत्रण. दोघांनी मिळून, गुडघे वाकवून, पेटी अंगालगत धरून उचलावी. उचलताना कंबरेतून वळू नये. फरशी वरचेवर धुवावी, पायांत न घसरणारे बूट असावेत.

बर्फात केलेली काटकसर गिऱ्हाइकाच्या पोटावर येते आणि हातमोज्यांत केलेली काटकसर हमालाच्या रोजगारावर. दोन्हींचा खर्च थोडा, पण त्यांच्या अभावी होणारे नुकसान मोठे असते, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावे.