हजार रुपयांचे कागद: बीडमध्ये प्लॉट किंवा जमीन घेण्याआधी

बीड नगर परिषदेच्या हद्दीतल्या एका प्लॉटचे सरकारी कागद काढायला किती पैसे लागतात, ते आधी सांगतो. मिळकत पत्रिका, म्हणजे लोक ज्याला पीआर कार्ड म्हणतात ते, 90 रुपये. डिजिटल सहीचा सातबारा 15 आणि आठ-अ 15. मागचे पाच फेर, म्हणजे फेरफार नोंदी, काढले तर 75. दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध, वर्षाला 25 रुपये या दरानं, 750. एकूण झाले 945. वकिलाची फी वेगळी. आयुष्यभराची पुंजी ज्या व्यवहारात जाते, त्यात हा खर्च मात्र वाचवला जातो आणि भरवसा ठेवला जातो तो दलालानं मोबाइलवर पाठवलेल्या सातबाऱ्याच्या फोटोवर. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करावी: या जागेला सिटी सर्व्हे लागला आहे का? जुन्या वस्तीतल्या घरांना सहसा नगर भूमापन क्रमांक असतो आणि त्यांची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख विभाग देतो. शहराभोवती शेतात पडलेल्या प्लॉटांचा कारभार बऱ्याच ठिकाणी अजून सातबाऱ्यावरच चालतो. काही जागांचे दोन्ही कागद निघतात. तसं असेल तर दोन्ही काढून नाव आणि क्षेत्र ताडून पाहा. पत्रिकेवर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. 30 बाय 40 चा प्लॉट म्हणजे 1200 चौरस फूट, तो तिथं 111.48 चौरस मीटर दिसला पाहिजे. पत्रिकेची फी जागेप्रमाणे बदलते: ग्रामीण भागात 45, नगरपालिका हद्दीत 90, महानगरपालिकेत 135 रुपये.

नगर परिषदेचा पीटीआर उतारा, किंवा गावात ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8, हे कराचे कागद आहेत. घरपट्टी कोणाच्या नावावर आकारली जाते, एवढंच ते सांगतात. ‘पीटीआरला नाव आहे, मग आणखी काय पाहिजे?’ असं कोणी म्हणालं तर तिथंच थांबा. महसुली नोंद सारा-वसुलीपुरती असते, तिच्यानं मालकी सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगितलं आहे. पीटीआरचं तर त्याहून कमी. तरी उतारा जरूर घ्या, कारण थकलेली घरपट्टी त्यावरूनच कळते आणि ती कोण भरणार हे खरेदीखताआधी ठरवता येतं.

आता सातबारा. महाभूलेखच्या संकेतस्थळावर छत्रपती संभाजीनगर विभाग, मग बीड जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर निवडला की तो फुकट दिसतो. हा बिनसहीचा उतारा फक्त माहितीसाठी असतो, बँकेत किंवा कोर्टात तो चालत नाही. डिजिटल सातबाराच्या संकेतस्थळावर 15 रुपये भरून निघतो तो चालतो, त्याला तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. त्यावरचा पडताळणी क्रमांक टाकून उतारा खरा आहे का, हेही तपासता येतं. दुसऱ्यानं दिलेला कागद असेल तर ही तपासणी केल्याशिवाय पुढं जाऊ नका. सेवा केंद्रातून काढला तर केंद्राचं शुल्क वेगळं पडतं, म्हणून दरफलक बघून पावती मागा.

उतारा हातात आला की बहुतेक जण नाव आणि क्षेत्र बघून घडी घालतात. खरी माहिती तर बाजूच्या रकान्यांत असते. आधी भूधारणा पद्धती पाहा. भोगवटादार वर्ग 1 असेल तर विक्रीला सहसा सरकारी परवानगी लागत नाही. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय केलेली खरेदी अंगाशी येते. मग ‘इतर हक्क’ हा रकाना. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, बहिणींचं नाव, कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं इथं सापडतं. कर्ज फेडलं असं विकणारा तोंडी सांगेल. तरी बेबाकी प्रमाणपत्र घ्या आणि बोजा उतरल्याचा फेर झाला का ते पाहा.

सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. आपल्याकडं लोक म्हणतात, ‘फेर ओढला.’ हे जुने फेर एकेक करून काढून वाचले की जमीन कोणाकडून कोणाकडं गेली याची साखळी उभी राहते. वारसाच्या फेरात भावांची नावं आहेत आणि बहिणींची नाहीत, असं दिसलं तर सावध व्हा. ‘बहिणींनी हक्क सोडला’ हे ऐकून चालणार नाही, नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र डोळ्यांनी पाहिलं पाहिजे.

मराठवाड्यात आणखी एक थर आहे आणि पुण्या-मुंबईचं मार्गदर्शन वाचून तो कळत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळं जुने कागद उर्दूत किंवा मोडीत आहेत आणि त्यांवर फसली सन आहे. फसलीत 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. फसली 1358 म्हणजे 1948-49. सातबाऱ्याच्या मागं जायचं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954-55 चं खासरा पत्रक आणि पुढची पाहणी पत्रकं मागावी लागतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातले असे दप्तर पुन्हा उघडले गेले. शेतजमिनीच्या मालकीसाठीही हेच दप्तर महत्त्वाचं आहे. जुनं कूळ, म्हणजे 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याखालचं संरक्षित कूळ, कोण होतं हे त्यातून उलगडतं.

इनाम जमिनीही याच काळातल्या. मदतमाश म्हणजे व्यक्तीच्या चरितार्थासाठी दिलेलं इनाम. खिदमतमाश म्हणजे देवळाच्या, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेलं. खिदमतमाश जमीन सेवेकऱ्याची खाजगी मालमत्ता नसते, ती तो विकू शकत नाही. बीड जिल्ह्यात देवस्थान आणि वक्फ इनामाच्या जमिनी बनावट आदेशांनी खाजगी नावावर चढवल्याचे गुन्हे नोंदले गेले आहेत, तेव्हा हा धोका कागदोपत्री नाही. जुन्या फेरात किंवा खासऱ्यात ‘इनाम’, ‘माश’, ‘दर्गा’, ‘मस्जिद’, ‘देवस्थान’ यांपैकी एकही शब्द दिसला, तर ती जमीन खालसा कोणत्या आदेशानं झाली, त्याची खरी नक्कल मागा. मूळ कार्यालयात त्या आदेशाची नोंद आहे का, तेही तपासा. वक्फ मालमत्तांची यादी राजपत्रात आहे आणि राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. नक्कल मिळायला टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 10 रुपये अर्जाचे, 2 रुपये पानाचे, उत्तर 30 दिवसांत.

नोंदणी विभागाचा ई-सर्च घरबसल्या फुकट वापरता येतो. वर्ष, गाव आणि गट नंबर टाकला की त्या मिळकतीच्या दस्तांची ‘सूची दोन’ (इंडेक्स टू) दिसते. एकच प्लॉट दोघांना विकलेला असेल तर तो बहुधा इथंच पकडला जातो. पण जुनी वर्षं आणि चुकलेल्या नोंदी यात सुटतात, म्हणून वकिलाकडून 750 रुपयांचा तीस वर्षांचा शोध करून त्याचा लेखी अहवाल घ्यावा. जोडीला ई-कोर्टच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावानं दावे शोधा. त्याला पैसा लागत नाही.

बाँडवर, नोटरीपुढं झालेल्या व्यवहाराबद्दल स्पष्टच सांगतो. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानंच होते. नोटरीच्या शिक्क्यानं प्लॉट तुमचा होत नाही, मग बाँड कितीही रुपयांचा असो. गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या शेतात अकृषिक आदेश आणि नगररचनेनं मंजूर केलेलं रेखांकन दोन्ही मागा. रेखांकनात तुमचा प्लॉट नंबर आणि समोरचा रस्ता दाखवलेला असला पाहिजे. तो रस्ता विकणाऱ्याच्या बोटानं दाखवलेला चालत नाही.

कागद जुळले तरी जागेवर हद्द जुळेलच असं नाही. सरकारी मोजणीचे दर 1 डिसेंबर 2024 पासून बदलले आहेत. पालिका हद्दीत एक हेक्टरपर्यंत नियमित मोजणी 3,000 आणि द्रुतगती 12,000 रुपये. हद्दीबाहेर दोन हेक्टरपर्यंत 2,000 आणि 8,000. नियमित मोजणीला 90 दिवसांची मुदत आहे, म्हणून इसार पावतीत खरेदीची तारीख ठरवतानाच हे दिवस धरा. मोजणीचा खर्च विकणाऱ्यानं करावा, असं इसारातच लिहून घेता येतं. मी तसा आग्रह धरायला सांगेन.

रजिस्ट्री झाली की दस्ताची माहिती महसूल कार्यालयाकडं आपोआप जाते, पण फेर मंजूर होईपर्यंत लक्ष ठेवा. प्रलंबित फेरांच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर फुकट दिसतात आणि हरकतीला 15 दिवस असतात. वारसाच्या फेराचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो. नावातली किंवा क्षेत्रातली लिहिण्याची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदाराकडं अर्ज चालतो. फेर चुकीचाच मंजूर झाला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडं 60 दिवसांत अपील करावं लागतं. बीडच्या बाहेर, पुण्याला किंवा ऊसतोडीला गेलेल्यांनी गावातल्या आपल्या गट नंबरची चावडी महिन्यातून एकदा मोबाइलवर उघडून पाहावी. आपल्या नावावर कोणी फेर ओढत असेल तर तो त्या 15 दिवसांत अडवणं सगळ्यात सोपं असतं.