हॉलिहॉकला दुसरं वर्ष कशाला?

प्रश्न : अंगणाच्या कडेला लावायला हॉलिहॉकचं बी आणलं. पाकिटावर 'द्विवर्षायू' लिहिलंय, म्हणजे फुलं दुसऱ्या वर्षी? सोबत कायमची झाडं कोणती लावू? – एक वाचक, लालबाग, बुऱ्हाणपूर

उत्तर : दुसऱ्या वर्षाची वाट बघू नका. ते गणित थंड मुलखाचं. आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेलं हॉलिहॉक फेब्रुवारी-मार्चमध्येच फुलतं आणि उन्हाळ्यात वाळतं. त्यात तुमची चूक नाही. बी तेवढं धरून ठेवा.

कायमच्या ओळीसाठी सदाफुली, कोरांटी, अबोली घ्या. अबोलीला दुपारची सावली हवी. न्हाणीचं पाणी जातं तिथे कर्दळ. ती माजेल, माजू द्या. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते आणि सदाफुली मुळाशी कुजते, म्हणून वाफा वीतभर उंच करून वाळू, शेणखत मिसळा.

ओळीत गुलबक्षीही चालेल. ती वरून वाळली तरी उपटू नका. जरा उकरून पाहा, काळपट, गाजरासारखा गड्डा घट्ट असेल तर ती पावसाला पुन्हा फुटेल. मात्र तिचं मिऱ्यासारखं दिसणारं काळं बी विषारी असतं. घरात लहान मूल असेल, तर बी पडण्याआधीच वेचून घ्या.